स्वीटवॉटरचा विमानतळ आणि हजार बायकांचे कागद

दीडशे डॉलर महिना. त्यातून राहण्याजेवणाचे रोजचे १.६५ डॉलर कापायचे, म्हणजे पन्नासच्या आसपास तिथेच संपले. यायचं भाडं पदरचं. नापास झालात तर परतीचंही पदरचं. लष्कराचा विमा नाही, लष्कराचं पेन्शन नाही, आणि विमान घेऊन पडलात तर शवपेटीवर झेंडाही नाही.

मी एका इस्पितळाच्या पेरोल विभागात काम करते. दिवसभर लोकांचे पगार, कपाती आणि नेमणुकीचे प्रकार बघून एक खोड लागते: कुठल्याही शूरवीराची गोष्ट ऐकली की आधी मनात येतं, याला पगार कुठल्या खात्यातून मिळत होता? वरच्या अटी १९४३ सालच्या आहेत. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर नावाच्या गावी, ॲव्हेंजर फील्ड या विमानतळावर लष्कराची विमानं चालवायला शिकणाऱ्या मुलींना त्या लागू होत्या. या मुलींना पुढे 'वास्प' म्हणू लागले. त्यांच्याबद्दल हल्ली बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक ठिकाणी लिपस्टिक, गॉगल आणि हसरे फोटो. मला त्यांच्या नेमणुकीच्या कागदांत जास्त रस आहे, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

आधी जागा. डॅलसहून आय-२० महामार्गानं पश्चिमेला निघालं की ॲबिलीन लागतं, त्यापुढे चाळीसेक मैलांवर स्वीटवॉटर. वस्ती दहा-अकरा हजार. आजूबाजूला कापूस, जिप्सम आणि आता जिकडेतिकडे पवनचक्क्या. मला कामानिमित्त मिडलंडला जावं लागतं, त्यामुळे ही वाट पाठ झालीये. झाड म्हणावं असं झाड दिसत नाही, वारा मात्र दार उघडलं की गाडीत येऊन बसतो. पवनचक्क्यांना जे आवडतं ते शिकाऊ वैमानिकाला आवडत नसणार. पण आभाळ मोकळं, जमीन सपाट आणि पाऊस कमी, हे लष्कराला पुरेसं होतं.

विमानतळ लष्करानं बांधलेला नव्हे. तो गावचा, नगरपालिकेचा. १९२९ सालचं हँगर अजून उभं आहे. युद्ध आलं तेव्हा अमेरिकेभर लहान गावांनी आपापले विमानतळ पुढे केले. त्यात देशप्रेम होतं आणि व्यवहारही होता: छावणी आली की बराकी बांधायला मजूर लागतात, खानावळ चालते, घरांच्या खोल्या भाड्यानं जातात. स्वीटवॉटरनं १९४२ मध्ये जागा दिली. प्रत्यक्ष शिकवण्याचं काम एका खासगी कंपनीकडे कंत्राटानं होतं आणि देखरेख लष्कराची. तेव्हा ही पद्धतच होती, कारण इतके वैमानिक तयार करायला लष्कराकडे पुरेसे शिक्षक नव्हते. पहिले शिकाऊ आले ते ब्रिटिश हवाई दलाचे. मग अमेरिकन पोरं. विमानतळाला नाव देण्यासाठी गावच्या वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली. पर्ल हार्बरला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे सूड घेणारा या अर्थाचं नाव जिंकलं यात नवल नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये मुली आल्या. त्याआधी पहिल्या तुकड्या ह्यूस्टनच्या विमानतळावर शिकत होत्या, तिथे राहायची धड सोय नव्हती. स्वीटवॉटरला काही आठवडे मुलगे आणि मुली दोन्ही एकाच तळावर होते. मग मुलग्यांची शेवटची तुकडी गेली आणि सगळा तळ बायकांचा झाला. आसपासच्या तळांवर बातमी पसरली मात्र, तिथल्या तरुण वैमानिकांच्या इंजिनांत अचानक बिघाड व्हायला लागले. नेमके ॲव्हेंजर फील्डच्या डोक्यावर आल्यावर. पहिल्या काही आठवड्यांत अशी शंभरावर 'आणीबाणीची' लँडिंगं झाली. शेवटी मुलींच्या प्रशिक्षणाच्या प्रमुख जॅकलिन कॉक्रन यांनी हुकूम काढला की खरोखर संकटात असलेल्या विमानाखेरीज इथे कोणी उतरायचं नाही. तेव्हापासून तळाला 'कॉक्रनचा कॉन्व्हेंट', म्हणजे जोगिणींचा मठ, हे नाव पडलं.

कॉक्रनबाईंबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं आणि त्यांच्यामुळेच त्यातलं काही बिघडलंही. फ्लोरिडातल्या गरीब घरातली मुलगी. सौंदर्यप्रसाधनांचा धंदा उभा केला, विमान शिकली, १९३८ मध्ये देशातली मोठी बेंडिक्स शर्यत जिंकली. वैमानिक पुरुष लढाईवर गेले तर देशातली विमानं हलवणार कोण, हा त्यांचा मुद्दा हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप आर्नल्ड यांना अखेर पटला. त्याच सुमारास नॅन्सी लव्ह या दुसऱ्या वैमानिक बाईंनी आधीच अनुभवी असलेल्या मोजक्या स्त्रियांचं विमानं पोचवणारं पथक उभं केलं होतं. ऑगस्ट १९४३ मध्ये दोन्ही एकत्र करून 'विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स' झालं. वास्प हे त्याचं लघुरूप.

अर्ज आले २५,००० च्या वर. घेतल्या १,८३०. शिक्षण पूर्ण केलं १,०७४ जणींनी. अट अशी की येतानाच विमान चालवायचा परवाना हवा. सुरुवातीला २०० तासांचा अनुभव मागत होते, तो उतरत उतरत ३५ तासांवर आला. पुरुषांना अशी अट नव्हती. लष्करात दाखल झालेला मुलगा आयुष्यात विमानाला हात न लावता येऊ शकत होता. आणि ३५ तास उडणं म्हणजे तेव्हा चांगलाच खर्च. मुलींनी तो टंकलेखन करून, दुकानात उभं राहून, कुणी घरचा पैसा होता म्हणून केला होता. त्यामुळे स्वीटवॉटरच्या बराकीत श्रीमंत बापाची लेक आणि कारकून शेजारशेजारच्या खाटांवर झोपत.

एका खोलीत सहा खाटा. दोन खोल्यांत मिळून एक न्हाणीघर, म्हणजे बारा जणींना एकच, आणि सकाळी बिगुल वाजल्यावर रांगेत यायला मिनिटं मोजून. उन्हाळ्यात बराकीत झोपणं अशक्य व्हायचं, तेव्हा खाटा उचलून बाहेर दोन इमारतींच्या मधे टाकायच्या आणि सकाळी बुटात काही शिरलंय का ते बघायचं. हा रॅटलस्नेकचा मुलूख आहे.

कपड्यांची कथा वेगळीच. बायकांसाठी उड्डाणाचे कपडे बनवलेलेच नव्हते. पुरुषांचे उरलेले ओव्हरऑल मिळाले, तेही धिप्पाड मापांचे. बाह्या चार वेळा दुमडायच्या, कमरेला पट्टा आवळायचा. त्यांना त्या झूट सूट म्हणत, तेव्हाच्या ढगळ सुटांच्या फॅशनवरून. तळाचे प्रमुख मेजर अर्बन यांना वाऱ्यावर उडणारे केस मान्य नव्हते. त्यांनी डोक्याला पांढरं फडकं गुंडाळायचा नियम केला. मुलींनी त्याला 'अर्बनचा टर्बन' म्हणायला सुरुवात केली. पदवीदानाच्या दिवशी घालायला गणवेश नव्हता म्हणून खाकी पँट आणि पांढरा शर्ट. निळा, शिवून घेतलेला गणवेश १९४४ मध्ये आला. सुरुवातीच्या तुकड्यांच्या छातीवरचे चांदीचे पंखसुद्धा सरकारी नव्हते, कॉक्रनबाईंच्या घरच्या पैशातून केलेले होते.

शिकणं मात्र पुरुषांसारखंच. आधी पीटी-१९ किंवा स्टिअरमन, उघड्या कॉकपिटची. मग बीटी-१३, जिला तिच्या थरथरण्यामुळे सगळे 'व्हायब्रेटर' म्हणत. मग एटी-६, साडेपाचशे-सहाशे अश्वशक्तीची, आत घेता येणाऱ्या चाकांची. अर्धा दिवस उड्डाण, अर्धा दिवस वर्ग: हवामान, नॅव्हिगेशन, इंजिन, मोर्स. लिंक ट्रेनर नावाच्या लाकडी डब्यात झाकण लावून बसवायचे आणि बाहेरचं काही न दिसता केवळ काट्यांवर विमान सरळ ठेवायला शिकवायचे. ज्यांना हे जमलं त्या पुढे ढगांतून जिवंत बाहेर आल्या. वगळलं होतं ते फक्त गोळीबार आणि लढाईचं फॉर्मेशन. सुरुवातीला हे तेवीस आठवडे चालायचं, शेवटी तीस.

तळावर मध्यभागी दगडी कठड्याचा एक गोल हौद आहे. चेक राइडच्या, म्हणजे परीक्षेच्या उड्डाणाच्या आधी त्यात नाणं टाकायचं, आणि पहिलं एकटीचं उड्डाण झालं की कपड्यांसकट त्यात ढकलून द्यायचं. पश्चिम टेक्सासच्या ऑगस्टमध्ये हे बक्षीसच असणार. हौद अजून आहे. काठावर त्यांच्यातल्याच डॉट स्वेन लुइस या वैमानिकबाईंनी घडवलेला पुतळा आहे. हे मला फार आवडलं. पुतळ्यांवर माझा एरवी राग आहे. ज्यांचा पुतळा ते मेलेले असतात आणि जो घडवतो त्याने त्यांना पाहिलेलं नसतं.

आता त्या कागदांकडे. या बायका लष्कराच्या तळावर राहत, कवायत करत, लष्कराची विमानं लष्कराच्या हुकमावर नेत. पण कागदोपत्री त्या नागरी सेवेतल्या कर्मचारी होत्या. 'लवकरच लष्करात सामावून घेऊ' हे पहिल्या दिवसापासून सांगितलं जात होतं आणि त्यावर विश्वास ठेवून त्या आल्या होत्या. ही भाषा मला ओळखीची आहे. माझी आई अंगणवाडी सेविका होती. वजनं करायची, लसीकरणाच्या याद्या करायची, निवडणूक आली की तिथेही उभी. काम सरकारचं, रजिस्टर सरकारचं, जाब सरकारला द्यायचा, पण सरकारी नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयानं सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं ते २०२२ मध्ये. आई तोवर घरी बसली होती. स्वीटवॉटरच्या मुलींना पन्नास डॉलर कापून दिलेला पगार बघितला आणि मला पुढचं बरंचसं आधीच कळलं.

अडतीस जणी मेल्या. त्यातल्या अकरा शिकताना, सत्तावीस कामावर. लष्करी मृत्यू नसल्यानं इतमाम नाही. मैत्रिणींनी वर्गणी काढून शव घरी पाठवल्याचं कितीतरी जणींनी सांगून ठेवलंय. गर्ट्रूड टॉम्पकिन्स सिल्व्हर ही २६ ऑक्टोबर १९४४ ला लॉस एंजेलिसहून पी-५१ हे लढाऊ विमान घेऊन निघाली आणि सापडलीच नाही. अजूनही नाही.

हेझल यिंग ली यांची गोष्ट मी कुणालाही सांगताना थांबते. पोर्टलंडच्या चिनी घरातली मुलगी, १९३२ मध्येच विमान शिकलेली, स्वीटवॉटरच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीतली. एकदा कॅन्ससमधल्या शेतात विमान उतरवावं लागलं, तर शेतकरी हातात काटेरी फावडं घेऊन धावला. त्याला वाटलं, जपान्यांनी हल्ला केला. ती ओरडून सांगतेय की मी अमेरिकन आहे, आणि हा विमानाभोवती तिच्यामागे पळतोय. ती हा किस्सा हसत सांगायची. नोव्हेंबर १९४४ मध्ये माँटानातल्या ग्रेट फॉल्सच्या धावपट्टीवर उतरताना नियंत्रण कक्षाच्या गोंधळात दोन विमानं एकमेकांवर आली, ती भाजली आणि दोन दिवसांनी गेली. काही दिवसांत तिचा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेला. पोर्टलंडच्या दफनभूमीनं घरच्यांनी निवडलेली जागा नाकारली, कारण तो भाग गोऱ्यांचा. घरच्यांनी हट्ट सोडला नाही आणि दोघांना तिथेच पुरलं.

चिनी वंशाच्या दोघी होत्या, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओग्लाला सू जमातीतली ओला रेक्सरोट होती. कृष्णवर्णीय एकही नव्हती. जॅनेट ब्रॅग यांच्याकडे परवाना होता, अनुभव होता, तरी नकार आला. कॉक्रनबाईंचं म्हणणं, आधीच बायका हाच वादाचा विषय आहे, त्यात हा दुसरा नको. व्यवहार म्हणून मला ते कळतं. पटत मात्र नाही.

शिकून बाहेर पडल्यावर पगार अडीचशे झाला. कामं कोणती? कारखान्यातून नवी विमानं बंदरापर्यंत पोचवणं. दुरुस्त झालेलं विमान आधी उडवून बघणं, म्हणजे दुरुस्ती नीट झाली नसेल तर ते सर्वात आधी तुम्हाला कळणार. आणि कापडी निशाण लांब दोरीनं मागे बांधून ओढत न्यायचं, खालून नवशिके गोलंदाज खऱ्या गोळ्या झाडत त्याच्यावर नेम धरायला शिकणार. काहींचा नेम निशाणाच्या पुढे लागायचा. एकंदर ६ कोटी मैल त्या उडाल्या.

बी-२९ हे तेव्हाचं सगळ्यात अवजड बॉम्बर. त्याच्या इंजिनांना आग लागायची, पुरुष वैमानिक कुरकुरत होते. तेव्हा पॉल टिबेट्स (हो, हिरोशिमावाले तेच) यांनी डोरा डोहर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोघींना तीन दिवसांत ते शिकवलं आणि तळातळांवर उतरवलं. बायका हे चालवतात म्हटल्यावर कुरकुर थांबली. वरिष्ठांना कळताच हा प्रयोगही थांबवला. बायकांचं कौशल्य पुरुषांना लाजवायला चालतं, नेमणुकीला नाही.

२१ जून १९४४. लष्करात सामावून घेण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडलं. अवघ्या एकोणीस मतांनी. कारण बायका निकामी ठरल्या हे नव्हतं. युरोपात वैमानिक अपेक्षेपेक्षा कमी मरत होते, प्रशिक्षण शाळा बंद होत होत्या, आणि तिथले नागरी पुरुष शिक्षक आता पायदळात भरती व्हायच्या भीतीनं वॉशिंग्टनला धडकले: या बायकांच्या जागा आम्हाला द्या. वर्तमानपत्रांनी त्यांची बाजू घेतली. कॉक्रनबाईंनी आपल्या मुलींना गप्प राहायला सांगितलं होतं. माझ्या मते ती त्यांची घोडचूक.

शेवटची तुकडी ७ डिसेंबर १९४४ ला स्वीटवॉटरहून बाहेर पडली. जनरल आर्नल्ड स्वतः आले. लहानशा मुली बी-१७ बॉम्बरचा दांडा वादळात धरून ठेवतील का, अशी मला शंका होती, ती आता राहिली नाही, अशा अर्थाचं ते बोलले. तेरा दिवसांनी, २० डिसेंबरला, सगळं बंद. परतीचं भाडं अर्थातच पदरचं. ज्या बाईनं काल पी-५१ कॅलिफोर्नियातून उडवलं ती आज आगगाडीच्या तिकिटाच्या रांगेत. नागरी विमान कंपन्यांनी वैमानिक म्हणून घेतलं नाही, हवाई सुंदरी व्हा म्हणाल्या.

त्यांच्या नोंदी सीलबंद झाल्या आणि त्या विस्मरणात गेल्या. १९७६ मध्ये हवाई दलानं जाहीर केलं की आता प्रथमच स्त्रियांना लष्करी वैमानिक म्हणून शिक्षण देणार. 'प्रथमच' या शब्दावर पन्नाशी-साठीच्या हजारेक बायका एकदम उठून बसल्या. पत्रं, फोन, सह्या. आर्नल्ड यांचा मुलगा ब्रूस आर्नल्ड मदतीला आला, युद्धात या बायकांबरोबर उडालेले सेनेटर बॅरी गोल्डवॉटरही. विरोध केला तो माजी सैनिकांच्या मोठ्या संघटनांनी. मग समितीपुढे एका वास्पबाईचं सेवामुक्तीचं प्रमाणपत्र आलं. त्यावर तिनं अमेरिकेच्या सैन्यात सक्रिय सेवा केली अशी ओळ होती, पुरुष सैनिकांच्या कागदावर असते तशीच. कुठल्या तरी तळावरच्या कारकुनानं हाताशी होता तो छापील नमुना भरून दिला असणार. त्या अनाम कारकुनाचा मला आमच्या धंद्यातला माणूस म्हणून अभिमान आहे. नोव्हेंबर १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना माजी सैनिक मानणाऱ्या कायद्यावर सही केली. तेहतीस वर्षं.

२०१० मध्ये काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकन संसदेचं, सुवर्णपदक मिळालं, व्हीलचेअरवरून आलेल्या कितीतरी जणींचे फोटो आहेत. आणि तरी २०१५ मध्ये लष्करानं ठरवलं की आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत यांच्या अस्थी ठेवता येणार नाहीत, पूर्वी दिलेली परवानगी नियमात बसत नव्हती. एलेन हार्मन त्याच वर्षी ९५ व्या वर्षी गेल्या. आर्लिंग्टनला ठेवा असं लिहून गेल्या होत्या. घरच्यांनी अस्थी कपाटात ठेवल्या आणि खासदारांच्या मागे लागले. मे २०१६ मध्ये नवा कायदा झाला, सप्टेंबरमध्ये त्यांना जागा मिळाली.

विमानतळाचं पुढे काय झालं हे थोडक्यात सांगण्यासारखं आहे. १९४५ मध्ये काही काळ पी-४७ लढाऊ विमानांचे वैमानिक आले, मग लष्करानं गाशा गुंडाळला आणि धावपट्टी गावाला परत मिळाली. शीतयुद्धात हवाई दलानं तिथे रडार बसवलं. १९७० पासून त्या आवारात तांत्रिक महाविद्यालय आहे. आज तिथली मुलं पवनचक्क्यांच्या टोकावर चढून दुरुस्ती करायला शिकतात, म्हणजे तोच वारा आणि नवा अभ्यासक्रम. विमानतळ चालू आहे, खासगी छोटी विमानं उतरतात. एकोणतीस सालच्या हँगरमध्ये २००५ मध्ये संग्रहालय सुरू झालं, तेही एका वास्पबाईनं आणि तिच्या लेकीनं खटपट करून. आत बराकीतली खोली तशीच मांडून ठेवली आहे. सहा खाटांत किती कमी अंतर असतं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

जायचं असेल तर त्यांच्या वार्षिक मेळाव्याची तारीख बघून जा. तेव्हा जुनी स्टिअरमन आणि एटी-६ विमानं खरोखर उडत येतात. मार्चच्या मध्यावर शक्यतो टाळा. तेव्हा गावात १९५८ पासून चालत आलेली रॅटलस्नेक पकडायची जत्रा असते, हजारोंनी लोक येतात आणि चाळीस मैलांवरच्या ॲबिलीनमध्येसुद्धा खोली मिळायची मारामार.